आईबद्दल लिहायला बसते आणि हॉलिवूडच लिहून होतं. काय करू?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. इथे सात वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय अडुसष्ट. नोकरी बँकेत झाली, बहुतेक सगळी काउंटरवर. दोन वर्षांपासून आठवणी लिहितेय. छापायच्या वगैरे नाहीत. नात मराठी वाचतेय तोवर तिच्या हातात काहीतरी पडावं, एवढंच. विषय आई. गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या चाळीत, दीड खोलीत ती शिवणकाम करायची. निम्मी गिऱ्हाइकं ब्लाउज-परकरवाली, आणि निम्मी खोताची वाडी नि कावेलमधल्या ख्रिश्चन बायका. त्यांना फ्रॉक हवे, लग्नाचे पांढरे झगे हवे, आणि ते 'पिक्चरमधल्यासारखे' हवे. मासिकातलं कात्रण घेऊन यायच्या. आई म्हणायची, फोटोत पाठ दिसत नाही. पाठ बघायला ती मॅटिनीला जायची.

इंग्रजीचा गंध नव्हता. मला सोबत न्यायची, कारण ताई शाळेत आणि मला ठेवणार कोणाकडे. पुढे शाळा चुकवूनही गेले, ते सोडा. अंधारात तिच्या मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचं रीळ असायचं. पडद्यावरच्या बाईने पाठ फिरवली की आई भराभर दोऱ्याला गाठी मारायची. पाठीवर जितकी बटणं तितक्या गाठी. कमरेशी चुण्या असतील तर थोडी जागा सोडून दुहेरी गाठ. घरी आल्यावर दिव्याखाली त्या मोजायचं काम माझं. आणि कामात चोख इतकी की उरलेल्या चिंध्यासुद्धा पुरचुंडी बांधून गिऱ्हाइकाला परत. 'दुसऱ्याचा वीतभर कपडा माझ्या घरात नको' हे तिचं पालुपद.

आता अडचण. चाळीस पानं झाली. परवा सलग वाचली तर आई जेमतेम चार पानांत. बाकी काय? तर मेट्रो हे थिएटर एमजीएम या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीने १९३८ साली स्वतःचं म्हणून उघडलं. त्यांच्या कपड्यांचा कर्ता-धर्ता एड्रियन १९४१ पर्यंत तिथे होता, जोन क्रॉफर्ड या नटीचे खांदे त्याने रुंद केले. कपडे बेतणाऱ्या एडिथ हेडला आठ ऑस्कर आणि पस्तीस नामांकनं. नटी ग्रेस केलीचा १९५६ चा लग्नाचा झगा हेलन रोजने बेतला आणि एमजीएमच्याच शिवणखात्यात शिवून तिला भेट दिला. हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि लिहायला लागले की हात थांबत नाही. आईला यातलं एक नाव माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणायची, 'मेट्रोत कपडा चांगला असतो.'

दुसरी अडचण माझी ताई. 'गॉन विथ द विंड'मध्ये स्कार्लेटला पैसे मागायला जायचं असतं आणि अंगावर घालायला धड काही नसतं, म्हणून ती घरातला हिरवा मखमली पडदा उतरवून त्याचा झगा करवते. त्या जागी आई थिएटरात मोठ्याने हसली होती, मला लख्ख आठवतं. त्याच दिवाळीला मला हिरवा फ्रॉक झाला. तो आमच्या दाराच्या पडद्याचा होता असं मी लिहिलंय. छान जमलंय ते प्रकरण, उगाच विनय नको. ताईला फोनवर वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या दाराला पडदा कधी होता गं? आजीच्या नऊवारीचा होता तो फ्रॉक. आणि आई तुला घेऊन चारदा गेली असेल सिनेमाला, चाळीसदा नाही."

त्या दिवसापासून लिखाण बंद आहे. तुमच्यापैकी कोणी असं लिहिलंय का? आठवण खोटी ठरली तर काय करता? आणि हे हॉलिवूड कसं आवरू?

पिटातली_शिट्टी

ताई, आधी साल पक्कं करा. तुमच्या वयावरून फ्रॉक साठीच्या दशकाच्या शेवटाचा दिसतो. त्या सिनेमाची गंमत अशी की मूळ चित्र १९३९ चं, जवळजवळ चौकोनी. १९६७ ला त्याची रुंद, ७० एमएमची प्रत काढली. मूळ चित्र रुंद नव्हतंच, म्हणून वरून आणि खालून कापलं. पुढे बरीच वर्षं तेच कापलेलं रूप फिरत होतं. तुम्ही ते पाहिलं असेल तर बायकांचे पाय आणि झग्यांचा खालचा घेर पुष्कळ ठिकाणी पडद्याबाहेर गेलेला असणार. शिवणाऱ्या बाईच्या हे लक्षात आल्याशिवाय राहणार नाही. काही आठवतं का बघा.

आणि चार की चाळीस याबद्दल. १९७१ ला आपलं सरकार आणि अमेरिकन निर्मात्यांची संघटना यांच्यातला करार संपला आणि ७५ पर्यंत तिकडून नवी चित्रं येणं जवळपास बंद झालं. जुनीच पुन्हा पुन्हा लागायची. मी स्वतः त्या काळात कॉलेज बुडवून काळे-पांढरे सिनेमे पाहिलेत, त्यात माझ्या जन्माआधीचेही होते. तेव्हा चाळीस अशक्य नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा एशियाटिकमध्ये जुनी वर्तमानपत्रं मागा आणि सिनेमाच्या जाहिरातींचं पान काढा. थिएटर, खेळाची वेळ, सगळं छापलेलं असतं. एक दुपार जाईल, पण ताईंसमोर बोलायला तोंड राहील.

अस्सल_गिरगाव

गिरगावात राहून मेट्रो आणि ग्रेस केली! सेंट्रल, मॅजेस्टिक दिसलं नाही का कुठे? आईने नऊवारी नेसून मराठी सिनेमाही पाहिले असतील की. ते लिहा. हॉलिवूडवर लिहायला गोरे आहेत.

सुईदोरा

अहो, मराठी सिनेमाला सगळं घर जायचं, रविवारी, डबा घेऊन. तिथे आई रडायची, रीळ घरी. हे तिचं कामाचं होतं, आणि दुपारचं होतं. माझ्या बाबांना त्यातलं किती माहीत होतं देव जाणे.

पिटातली_शिट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून मी खुर्चीतून उठले. 'मेल्यांनी घेर दाखवलाच नाही.' हे आईचं वाक्य! बाहेर आल्यावर, चणेवाल्यापाशी. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती एखाद्या सीनबद्दल बोलली. थिएटर मात्र आठवत नाही. मी 'मेट्रो' लिहून टाकलंय ते ऐटीसाठी, कबूल.

बर्फातला_पुणेकर

मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहतो, कोडॅकच्या गावात. १९९५ पासून. इथे जॉर्ज ईस्टमनच्या बंगल्यात सिनेमाचं संग्रहालय आहे आणि त्याला जोडून ड्रायडन नावाचं थिएटर. जुनी नायट्रेटची फिल्म, जी भसकन पेट घेते, ती लावायची सोय असलेली थिएटरं आता अमेरिकेत मोजकी उरलीत, त्यातलं हे एक. २०१५ पासून मधली करोनाची वर्षं सोडता त्याचा महोत्सवही होतो. पहिल्या हिवाळ्यात घरात बसून वेड लागायची वेळ आली म्हणून तिथे जाऊ लागलो, तो अजून जातो.

हे सांगायचं कारण लुईज ब्रूक्स, मूकपटांच्या काळातली नटी. आखूड काळे केस, कपाळावर सरळ कापलेली झुलपं, फोटो पाहिला की ओळखाल. १९०६ चा जन्म, कॅन्ससमधलं लहान गाव. पंधराव्या वर्षी नाचाच्या कंपनीबरोबर न्यूयॉर्क. पुढे पॅरामाउंटशी करार. १९२८ ला बोलपट येऊ घातले तेव्हा स्टुडिओने कबूल केलेली पगारवाढ नाकारली. ही उठली आणि पाब्स्ट या दिग्दर्शकाकडे काम करायला बर्लिनला निघून गेली. तिथला 'पँडोराज बॉक्स' आज अभ्यासाला लावतात. परत आल्यावर, आधी केलेल्या एका मूकपटाला आवाज द्यायला बोलावलं तर गेली नाही. दुसऱ्या नटीचा आवाज लावला, आणि हिचा आवाज बोलपटाला चालत नाही अशी आवई उठवली. कारकीर्द संपल्यात जमा. १९३८ चा शेवटचा सिनेमा जॉन वेनबरोबरचा एक घोडे-बंदुकांचा. पुढे न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात कपडे विकायला काउंटरवर उभी राहिली. हो, काउंटरवर.

आता तुमच्या कामाचं. तिने आत्मचरित्र लिहिलं होतं. पूर्ण केलं आणि भट्टीत टाकलं. १९५६ ला इथल्या संग्रहालयाच्या जेम्स कार्डने तिला रॉचेस्टरला आणलं. पन्नाशीची बाई, लहान बिऱ्हाड, आणि आपणच केलेले सिनेमे इथे बसून पहिल्यांदा धडपणे पाहिले. मग लिहू लागली. स्वतःबद्दल सरळ नाही. विनोदी नट फील्ड्सबद्दल, बोगार्टबद्दल, गार्बो आणि लिलियन गिश या नट्यांबद्दल. फील्ड्स तिने १९२५ ला रंगमंचावर शेजारून पाहिलेला. म्हणून त्याच्या चित्रांची यादी देण्याऐवजी ती हे सांगते की स्टेजवर अख्खा दिसणारा माणूस कॅमेऱ्याने तुकडे केल्यावर कसा हरवला. ते बाकी कोणाला लिहिता येणार नव्हतं. हे लेख १९८२ ला पुस्तकरूपाने आले, तेव्हा ती संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. १९८५ ला गेली. मी इथे आलो त्याच्या दहा वर्षं आधी, ही माझी कायमची हळहळ.

आपण आठवणी कधीच लिहिणार नाही, अशा नावाचा तिचा एक लेख आहे. कारण देते ते साधं: ज्या गोष्टीवाचून माणूस कळत नाही ती मी लिहू शकत नाही, मग बाकीचं कशाला लिहू.

एड्रियन आणि एडिथ हेड कोणीही लिहील. दोऱ्याच्या गाठी मी तरी आजवर कुठे वाचल्या नाहीत.

लॉ_कॉलेज_रोड

बर्फातला_पुणेकर, इथे पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये (१९६४ ची, पी. के. नायरांनी उभी केलेली) तुमची लुईज ब्रूक्स मी मोडक्या खुर्चीत बसून पाहिली आहे. थंडी कमी, डास जास्त.

सुईदोरा, मला वेगळं सुचवायचंय. नटी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' परत काढून वाचा. १९७० चं. ते त्यांनी लिहिलं नाही, सांगितलं. अरुण साधूंनी शब्दांकन केलं. नावातच आहे बघा. त्यामुळे त्यात माहितीचा भार नाही, बाई समोर बसून बोलते आणि मधेच गप्प होते. तुम्हीही मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा. बोलताना कोणी 'पस्तीस नामांकनं' म्हणत नाही.

बाकी स्नेहप्रभा प्रधान, दुर्गाबाई खोटे, लीला चिटणीस या सगळ्यांनी लिहिलंय. पण त्या पडद्यावरच्या. समोरच्या खुर्चीत बसून गाठी मारणारी कोणी नाही त्यात.

सुईदोरा

रेकॉर्ड केलं. नातीने फोन धरला होता, म्हणून लाजत लाजत. मग तिनेच टाइप करून दिलं. जसंच्या तसं टाकते:

'तो तिला भेटतो ना तुरुंगात. ही पडद्याचा झगा घालून गेलेली, टोपीला पिसं बिसं, म्हणते कशी आमचं छान चाललंय. त्याला पटतं. मग तो तिचे हात घेतो हातात आणि तळवे उलटे करतो. बास. हात शेतात राबलेले. आता मला काही ते इंग्रजी कळत नव्हतं, आईला तर नाहीच. पण आई पुढे सरकून बसली. म्हणाली, हातांनी घात केला गो तिचा. आणि स्वतःचा डावा हात तिने पदराखाली घेतला. आईच्या डाव्या हाताचं पहिलं बोट टोकाशी सुपारीसारखं झालेलं, काळपट, बारीक बारीक भोकं. अंगुस्तान कधी वापरलं नाही. टोचल्याशिवाय टाका कळत नाही म्हणायची. अंधार होता गं. कोण बघणार होतं तिचा हात? मी पण बघत नव्हते. मला तिची कोपराची हालचाल तेवढी कळली.'

एड्रियन एकदाही आला नाही. पण फ्रॉकचं काय? ताई ऐकायला तयार नाही.

काजबटण

मी पंचवीस वर्षं शिवणाचे क्लास घेते. फ्रॉक आहे का अजून? असेल तर भांडता कशाला, उलटा करा.

बाहेरून काही कळणार नाही, उन्हाने आणि धुण्याने रंग गेलेला असणार. आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, बघा. तुमच्या आई इतक्या चांगल्या शिवणाऱ्या होत्या तर लहान मुलीच्या फ्रॉकला त्यांनी माया भरपूर सोडली असणार, पुढच्या वर्षी उसवून वाढवता यावा म्हणून. कापडाचा मूळ रंग मायेतच टिकतो. नऊवारी असेल तर कुठेतरी काठ नाहीतर काठाची सुतं सापडतील. कितीही कापला तरी घेराच्या दुमडीत काठ वापरायचा मोह शिवणाऱ्याला आवरत नाही. पडदा असेल तर वरच्या बाजूला दांडीच्या नेफ्याची जुनी भोकं दिसतील, आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी उडालेला असेल, कारण पडद्याच्या घडीची कड उन्हात असते आणि आतली बाजू सावलीत. उरेब, म्हणजे तिरका, कापलाय का तेही बघा. उरेब कापायला कापड जास्त लागतं; जुनं लुगडं असेल तर कोणी बाई तो उधळेपणा करायची नाही.

कातरीने उसवू नका. ब्लेडही नको. सुईने एक एक टाका उचला.

पिटातली_शिट्टी

काजबटण यांना माझा नमस्कार. हे ग्रंथसंग्रहालयापेक्षा भारी आहे.

सुईदोरा

उशीर झाला उत्तर द्यायला. शनिवारी डोंबिवलीला ताईकडे जाऊन आले. फ्रॉक तिच्याकडेच, लोखंडी ट्रंकेत, तिच्या मुलीनेही घातलेला. डांबरगोळ्यांचा वास अजून बोटांना आहे.

आम्ही दोघी जेवून पलंगावर बसलो, मधे फ्रॉक. दोघींनाही चष्मे. मी टाके उचलायचे आणि ताईने टॉर्च धरायचा असं ठरलं.

पहिली गोष्ट, मखमल नाही. सॅटिन. माझ्या डोक्यात सत्तावन्न वर्षं मखमल आहे. मायेत रंग गडद, बाटलीचा हिरवा. नेफ्याची भोकं नाहीत, पट्टे नाहीत. ताईला जरा बरं वाटलं. मग घेराची दुमड सोडली. काठ नाही, काठाचं सूत नाही. आजीचं लुगडं तर सॅटिनचं असणंच शक्य नाही, हे आम्हा दोघींना एकदमच लक्षात आलं आणि हसू आलं. इतकी वर्षं दोघी कशावर भांडत होतो?

मग पुढची बाजू. काजबटण, पुढचा भाग एका कपड्याचा नाहीये. सात तुकडे आहेत. प्रत्येक जोड चुणीच्या आत लपवलाय. बाहेरून हात फिरवला तर बोटाला लागत नाही, मी डोळे मिटून फिरवून पाहिला. एक तुकडा तळहाताएवढा, तिकोनी. आणि दोन तुकड्यांना आत मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला, गोल आहे. लहान मुलीचा नाही. बाईचा, चांगल्या भरलेल्या अंगाच्या बाईचा. म्हणजे कोणाचा तरी मोठा झगा कापल्यावर मुंढ्यापाशी जे उरतं ते.

ताई बराच वेळ टॉर्च तसाच धरून बसली. मग म्हणाली, "कोणी मडम म्हणाली असेल ठेवा म्हणून. दिवाळी होती." मी म्हटलं, असेल. आईच्या पुरचुंड्या मीच पोचवायला जायचे, खोताच्या वाडीत. ती एका ठरावीक पद्धतीने गाठ मारायची. त्या वर्षीची एखादी पुरचुंडी हलकी होती का, ते आठवायचा मी डोंबिवली ते घर, सगळ्या लोकलभर प्रयत्न केला. नाही आठवत. उगाच आठवल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा सोडून दिलं.

निघताना ताई दारात म्हणाली, "हे नको हं लिहूस." मग जिना अर्धा उतरले तर वरून, "आणि लिहिलंस तर मला आधी वाचून दाखव."

पडद्याचं प्रकरण काढून टाकलंय. दोन पानं गेली, जीव तुटला. नव्या पानावर 'सात तुकडे' एवढंच लिहून झालंय.

काजबटण, एक विचारायचं राहिलं. उसवलेल्या शिवणी परत घालू, की तशाच राहू देऊ? हातशिलाई मला येत नाही. आईने शिकवायला घेतली होती, मी पळून जायचे.